हडलगी वस्तीची खूण

सोलापूर,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय कीर्ती,

तू बरी असशील. मी बरी आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. गुडघे सोडून बाकीची मी बरी आहे. नाशिकचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. चांगुणाबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, पत्ता वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून दिला. बसा म्हणाल्या नाहीत. बरोबरच केलं त्यांनी.

आधी एक गंभीर तक्रार. आपल्या रुग्णवाहिका ट्रस्टच्या इतिहासात काळ्या शाईने नोंदवावी अशी घटना घडली आहे. ऑफिसचा चहा ठेक्यावर दिला. तुझ्या वेळी मायाक्का आलं ठेचून चहा करायची आणि कप टेबलावर असा आदळायची की अर्धा बशीत, अर्धा फायलीवर. पण गरम. आता ठेकेदाराचा थर्मास येतो. करारात लिहिलंय, 'सकाळी साडेअकराला कार्यालयात पोच.' कार्यालय म्हणजे कुठे, ते लिहायचं राहिलं. थर्मास बरोबर साडेअकराला खालच्या गेटवर येतो, वॉचमन सही करतो आणि चहा पोचतो. आपण दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टची प्रकृती तुला ठाऊक आहे. कोणीतरी सवडीने तो वर आणेपर्यंत साडेबारा होतात आणि चहावर अशी साय धरते की तिच्यावर गंध लावून पूजा करावी.

मी लेखी तक्रार केली. लेखीच उत्तर आलं: आमच्या नोंदीनुसार ऑक्टोबरात चहा एकदाही उशिरा पोचलेला नाही. शंभर टक्के वेळेत.

वाचून मी मोठ्याने हसले. मग मध्येच थांबले. शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारत होत्या, काय झालं. काही नाही म्हटलं.

तुझा मेसेज मिळाला होता. अठरा ऑक्टोबरला. 'मॅडम, कल्लप्पाकाका गेले हे खरं का?' मी 'हो' लिहिलं. तू विचारलंस, 'कसे?' त्या एका शब्दाला आज चोवीस दिवस झाले. माझ्यासारखीला, जिच्या जिभेला हाड नाही असं अख्खं ऑफिस म्हणतं, तिला एका शब्दाचं उत्तर सुचू नये, यात तुला काय दिसायचं ते दिसलं असेल.

हार्ट अटॅकने गेले. दुपारी. दुधनीकडच्या त्यांच्या वस्तीवर. मार्चमध्ये ड्रायव्हर म्हणून रिटायर झाल्यापासून तिथेच होते, तूर आणि दोन म्हशी. आज एवढंच लिहिते. उद्या पुढचं.

*

गुरुवार, १३ नोव्हेंबर

उद्या म्हणाले होते, परवा उजाडला.

तुला यातलं बरंचसं माहीत आहे, पण मला ओळीने लिहू दे. नाहीतर मी मधलं गाळीन, आणि गाळण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

नकाशाचं काम तू हाती घेतलंस त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. फोन आला की गाडी कुठे पाठवायची हे ड्रायव्हरच्या डोक्यात होतं, आणि ड्रायव्हर रिटायर होत होते. गावागावांतल्या शेतवस्त्या कुठल्याच तयार नकाशावर धड नव्हत्या. तू म्हणालीस, आपणच बनवू. ड्रायव्हरांच्या फोनमध्ये तुझं ॲप टाकलंस. वस्तीवर जायचं, दारात उभं राहायचं, बटण दाबायचं. नकाशावर खूण पडणार. सहाशे चाळीस वस्त्या. चार महिन्यांत सगळ्यांवर खुणा आल्या आणि आपण पेढे वाटले.

खुणा चुकीच्या जागी आहेत हे तुझ्या लक्षात आलं तेव्हा कल्लप्पा तुझ्या टेबलासमोर उभा होता आणि मी शेजारी शेंगा खात होते. तुझा तो चढलेला आवाज मला अजून आठवतो.

"काका, तुमची स्वतःची वस्ती अशी डांबरी रस्त्यावर कशी?"

"रस्त्यावर न्हाय, फाट्यावर हाय ती खूण. वस्ती आत हाय की, ओढ्याच्या पल्याड."

"मग बटण फाट्यावर का दाबलंत?"

"आता काय सांगू तुमाला. माझ्याच घरात मला येऊ दिली न्हाय हो गाडी! बायकू नागम्मा इळा घेऊन आडवी. ब्याड म्हणली, ब्याड, नगं म्हंजे नगं, चांगल्या घराच्या दारात ही गाडी उभी ऱ्हायची न्हाय. कोण आजारी न्हाय, काय न्हाय, आन दारात ॲम्बुलन्स? यमाला पत्ता दावतोस व्हय, म्हणली. मग म्या फाट्यावर बटन दाबलं, गाडी तितंच ठिवली, आन जेवायला चालत गेलो."

आपण तिघंही हसलो. मग तू हसायची थांबलीस आणि विचारलंस, "बाकीच्यांनीपण असंच केलंय?"

"समद्यांनीच की. कोण घेतंय दारात?"

आजारी माणूस नसताना रुग्णवाहिका दारात उभी करणं म्हणजे अपशकुन. हे आपल्याला कोणाला सुचलं नाही; तुला नाही, मला नाही. सहाशे चाळीसपैकी चारशे बारा खुणा फाट्यांवर निघाल्या. वस्ती कुठे अर्ध्या किलोमीटरवर, कुठे दोन.

तू टिपण लिहिलंस. आठ पानांचं. सातव्या पानावर हे सगळं, फाट्यांच्या यादीसकट, आणि खाली उपाय: गाडी न नेता, पायी किंवा मोटारसायकलवर जाऊन खुणा पुन्हा घ्यायच्या, चार महिने लागतील. सुरुवात म्हणून ऑफिसातल्या प्रत्येकाने एक वस्ती स्वतः चालायची. यादीत तेरावं नाव माझं, समोर हडलगी वस्ती. कल्लप्पाने आवर्जून मागून घेतली होती मला. "या की म्याडम, कडक भाकरी आन शेंगाची चटणी खाऊ घालतो." मी म्हटलं, येईन, पण ओढ्यावर पूल बांधा आधी.

मी गेले नाही. यादीतलं कोणीच गेलं नाही, तुझ्याशिवाय.

मग गेल्या वर्षीच्या जुलैतली ती मीटिंग. आपण बनवायचं की बाहेर द्यायचं. पुण्याच्या कंपनीचा माणूस आला, त्याने पडद्यावर आपल्या गाड्या मुंग्यांसारख्या पळवल्या. गुरुबसप्पाण्णांनी अध्यक्षीय भाषण केलं आणि एमआयडीसीतल्या कारखान्यातला एकेक टॉवेल सगळ्यांना दिला. "धागा आमी बाहेरनं आणतो. म्हणून टॉवेल आमचा होत न्हाय व्हय?" तू म्हणालीस, "धागा बाहेरून आणा, अण्णा. पण माप तर आपल्यालाच घ्यावं लागेल." उत्तर चांगलं होतं. अण्णांना चांगलं उत्तर आवडतं. अजून दोन मिनिटं गेली असती तर ते तुझ्या बाजूने गेले असते. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

तेव्हा मी तोंड उघडलं. "चार महिने कीर्ती पायी वस्त्या मोजणार. नकाशा होईल की नाही माहीत नाही, चपलांचं दुकान मात्र नक्की निघेल."

काय हसले सगळे. अण्णांनी स्वतःच्या टॉवेलने डोळे पुसले. आणि हसता हसताच म्हणाले, चला, बाहेरच देऊ.

तू हसली नाहीस. चपलांचा विनोद त्या टेबलावर, आम्हा सगळ्यांच्या देखत, माझ्या तोंडून तुझ्यावर व्हायला नको होता. तुझ्या घरच्या किती पिढ्यांनी जातीवरून असले विनोद ऐकून घेतले असतील, ते मला शिकवायला कोणी नको होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कळलं नव्हतं, असं मी आजवर म्हणत आले. पुढच्या महिन्यात तू राजीनामा दिलास. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलंस आणि मी सही केली.

मी बाहेर द्या का म्हणाले? तुझा नकाशा वाईट होता म्हणून नव्हे. नकाशा आपला झाला असता तर त्यातली प्रत्येक चूक माझ्या टेबलावर आली असती, आणि मला रिटायर व्हायला सहा वर्षं राहिली होती. बाहेर काम दिलं की चूकही बाहेर जाते. मला तेवढंच हवं होतं.

आता सातवं पान. कंपनीला फाईल देताना मी ते काढून घेतलं. वाटलं, ते नव्याने मोजतीलच. आपली लाज कशाला दाखवा? त्यांनी मोजलं नाही. करारात 'उपलब्ध माहितीवरून' असं होतं. तुझ्या सहाशे चाळीस खुणा त्यांनी एका दुपारी उचलून आपल्या नकाशात ओतल्या, वर रंग दिला आणि जानेवारीत उद्घाटन झालं. ते रंग फार सुरेख आहेत. जुने ड्रायव्हर फाट्यावर थांबतच नसत, त्यांना वाट पाठ. म्हणून महिनेच्या महिने काही कळलं नाही. जुने कमी होत गेले.

सोळा ऑक्टोबर. पावणेतीनला फोन आला, हडलगी वस्ती, छातीत दुखतंय. दुधनी नाक्यावर उभ्या असणाऱ्या गाडीवर सिदू होता, शहरातला, ठेक्याचा, कामाला लागून तीन आठवडे झालेले. चौदा मिनिटांत पोचला. म्हणजे फोनवर हिरवी अक्षरं आली, 'आपण पोचलात'. त्याने ऑफिसला फोन केला, "म्याडम, मोबाईल पोचलो म्हणतोय, आन हितं तर एक बाभळ हाय फकस्त." त्याला तिथेच थांबायला सांगण्यात आलं. वस्तीवर फोनला रेंज नाही; ज्या पुतण्याने फोन केला होता तो विहिरीच्या कठड्यावर चढून बोलला होता आणि उतरून काकाजवळ गेला होता. सिदू बाभळीखाली सव्वीस मिनिटं उभा राहिला. शेवटी त्यांनी कल्लप्पाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून ओढ्यातून आणलं. फाट्यावर पोचले तेव्हा तो गेलेला होता. त्याने जिथे बटण दाबलं होतं, तिथे.

त्या महिन्याच्या अहवालात ती फेरी आहे. प्रतिसाद वेळ: चौदा मिनिटं. वेळेत.

चौकशी समिती बसली आहे. मसुदा माझ्याकडेच टाइपाला आला. 'सदर खूण तत्कालीन कर्मचारी कीर्ती यांच्या देखरेखीखाली, मयत कल्लप्पा हडलगी यांनी निष्काळजीपणे नोंदवली.' हे वाक्य नागम्माला वाचून दाखवायचं आहे आणि तुझ्या नाशिकच्या ऑफिसला प्रत जायची आहे. खाली कार्यालयीन अधीक्षक म्हणून सही माझी. सोमवारपर्यंत.

सातवं पान माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात, हिरव्या शाईत लिहिलंय, 'पाहिले. वै. बि.' तारखेसह.

*

रविवार, १६ नोव्हेंबर

परवा शुक्रवारी ते पान मी समितीत दिलं. त्यामुळे मी चांगली बाई ठरते असं समजू नकोस. आदल्या संध्याकाळी ते पर्समध्ये घालून घरी नेलं होतं, आणि गॅससमोर उभी राहून काड्यापेटी हातात घेतली होती.

गुरुबसप्पाण्णांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"वैजयंतीबाई, हे आता कुठनं काढलासा?"

"ड्रॉवरमधून."

"मग ठिवा की परत तितंच. नकाशा पुण्याचा, खूण कल्लप्पाची. आपलं काय हाय त्यात?"

"माणूस," मी म्हटलं.

माझ्या तोंडून विनोद येईल म्हणून दोघेजण हसायच्या तयारीत बसले होते, त्यांची पंचाईत झाली. मसुद्यातलं ते वाक्य मी खोडलं आणि त्याजागी माझं नाव घातलं. अण्णा म्हणाले, जरा रजा घ्या. किती दिवस ते म्हणाले नाहीत. पान आता आवक रजिस्टरात आहे, नंबर पडलाय. खाऊन टाकायचं म्हटलं तरी कोणाला खाता येणार नाही. एक प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या ऑफिसात कोणी विचारलं तर दाखव.

एक राहिलं. गुरुवारच्या पानावर मी लिहिलंय की सिदूला 'थांबायला सांगण्यात आलं'. आयुष्यभर सरकारी पद्धतीची पत्रं लिहिली की असं होतं, काम होतं आणि करणारा सापडत नाही. फोन घेणारी मुलगी जेवायला गेली होती. तिच्या खुर्चीवर मी होते. स्क्रीनवर हिरवा ठिपका पाहिला आणि म्हटलं, "पोचलायस म्हणतंय बाबा इथे. थांब तिथेच, आणतील ते." समोर मोठ्या अक्षरात होतं, हडलगी वस्ती. फाटा, ओढा, नागम्माचा इळा, सगळं मला माहीत होतं. आठवायला अर्धा तास लागला. मी परत फोन लावला तेव्हा सिदू रडत होता.

कसे गेले, याचं उत्तर हे असं आहे. मेसेजमध्ये बसत नव्हतं.

आज सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरले. बाभळ आहे. तिथून वस्ती सव्वा किलोमीटर. ओढ्याला अजून घोट्यापर्यंत पाणी, चपला हातात घेतल्या. माझ्या गुडघ्यांनी छत्तीस मिनिटं. चालता चालता चपलांचा विनोद आठवला आणि पुढे बराच वेळ दुसरं काही आठवलंच नाही.

नागम्मा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मागे पाहिलं तिने, माझ्या मागे.

"गाडी न्हाय न्हवं आणली?"

"नाही. चालत आले. मी वैजयंती, ऑफिसातली."

"त्या म्याडम व्हय? सांगायचे ते. लई बोलती म्हणायचे, पोट धरून हासवती." शेंगा चालूच होत्या. "तुमच्या माणसानं सांगितलं मला. त्येंनीच खूण चुकवली म्हणून. त्येंनी न्हाय वो. मी आडवली गाडी. माझ्यापायी झालं."

एक महिना ही बाई हे घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं. पान, ड्रॉवर, मीटिंग, फोन. मराठी कळतं का सगळं, विचारलं, कळतंय म्हणाली. सगळं सांगून झाल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं आणि घरात गेली. मी उन्हात उभी. एक म्हैस माझ्याकडे बघत होती. पुतण्या दोनदा दारात येऊन गेला. निघावं की थांबावं कळेना. मला वाटलं, इळा आणायला गेली असेल, आणि आणला असता तरी चाललं असतं.

ती बाहेर आली ती तोंड धुऊन. म्हणाली, "आता कशाला आलासा?"

तुझं जुनं ॲप माझ्या फोनमधून मी कधी काढलंच नव्हतं, निव्वळ आळशीपणाने. ते दाखवलं. म्हटलं, ही खूण माझ्या नावावर होती. घ्यायची राहिली होती. मी दाराशी जाऊन उभी राहिले, बटणावर बोट ठेवलं.

"तितं न्हाय," ती म्हणाली.

माझ्या दंडाला धरून तिने मला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं, कडुलिंबाच्या बाजूला, जमिनीवर चार खळगे होते तिथे.

"बाज हितं हुती. हितं यायला पायजे गाडी." माझा दंड तिने सोडला नाही. "दाबा."

दाबलं. 'नोंद झाली' असं आलं. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जावा आता. दोनची एसटी चुकली की मग पाच वाजता हाय."

चहा विचारला नाही. मीही थांबले नाही.

हे फाट्यावर बसून लिहिते आहे. दोनची गेली. पुण्याच्या नकाशात ही खूण दिसणार नाही, तुझ्याच नकाशात दिसेल. तो अजून कुठे जिवंत असला तर बघ. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. फक्त ती यादी तुझ्याकडे असेल तर तेराव्या ओळीवर काट मार.

यादीतली तेरावी,
वैजयंती बिराजदार